तिएनआनमेनचे तीन तास

या माहितीपटापर्यंत मी पोचलो तो राजकारणातून नव्हे, मेटा टॅगमधून. वेबसाइटच्या पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारे काही शब्द लिहून ठेवायची पद्धत असते. सर्च इंजिनाला पान कशाबद्दल आहे ते कळावं, एवढाच त्याचा हेतू. दुसऱ्या कंपनीचं नाव असं लिहिलं तर ट्रेडमार्कचा भंग होतो का, हा प्रश्न ऑफिसात निघाला होता आणि तो शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं. शोधताना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला एक खटला सापडला. वादी होती 'जेन्झाबार' ही विद्यापीठांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. प्रतिवादी होता 'लाँग बो ग्रुप' हा माहितीपट बनवणारा छोटा गट. आणि कंपनीच्या संस्थापिकेचं नाव होतं चाई लिंग.

नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. मग आठवलं. १९८९ साली बीजिंगच्या तिएनआनमेन चौकात विद्यार्थी बसले होते, त्यांच्या 'सरसेनापती'चं हे नाव. तेव्हा ती २३ वर्षांची होती. लोकशाहीसाठी उपोषणाला बसलेली मुलगी पुढे सॉफ्टवेअर कंपनी काढते आणि तिची कंपनी एका माहितीपटवाल्यांना कोर्टात खेचते, हे काय प्रकरण आहे? त्या रात्री मी 'द गेट ऑफ हेवनली पीस' बघायला घेतला. तीन तासांचा आहे. एका बैठकीत बघून झाला नाही, आणि तो लांबीमुळे नाही.

माहितीपट १९९५चा. दिग्दर्शक कार्मा हिंटन आणि रिचर्ड गॉर्डन; लेखनात चीनचे अभ्यासक जेरेमी बार्मे. यातल्या कार्मा हिंटनबद्दल थोडं सांगायला हवं. ती जन्माने अमेरिकन, पण जन्म १९४९चा आणि बीजिंगमधला, म्हणजे जनता प्रजासत्ताकाच्याच वयाची. वडील विल्यम हिंटन हे चिनी खेड्यातल्या जमीनवाटपावर 'फानशेन' हे गाजलेलं पुस्तक लिहिणारे. ती एकविशीपर्यंत चीनमध्येच वाढली. चिनी ही तिची पहिली भाषा. त्यामुळे या माहितीपटात पाश्चात्त्य पत्रकाराची 'बघा, चिनी लोकांनाही आपल्यासारखं व्हायचंय' ही खुशी कुठेच नाही. माणसं तिच्याशी घरच्यासारखी बोलतात, आणि घरच्यासारखीच एकमेकांची उणीदुणी काढतात.

सुरुवातीलाच रणगाड्यासमोर उभा राहिलेला तो एकटा माणूस दिसतो. हातात पिशव्या, पांढरा शर्ट. हे दृश्य आपल्याला पाठ आहे. पण माहितीपट लगेच सांगतो की हेच चित्रण चिनी सरकारनेही आपल्या प्रचारात वापरलं. त्यांचं म्हणणं असं, की रणगाड्यांनी ठरवलं असतं तर हा एकटा माणूस त्यांना थोपवू शकला असता का? म्हणजे बघा आमच्या सैनिकांचा संयम! तेच चित्र, दोन उलटे अर्थ. पुढचे तीन तास कशाबद्दल असणार आहेत याची ही सूचना आहे, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं.

घटनाक्रम थोडक्यात असा. सुधारणावादी म्हणून ओळखले जाणारे आणि त्यापायी पक्षाचं सरचिटणीसपद गमावलेले हू याओबांग १५ एप्रिल १९८९ला वारले. विद्यार्थी श्रद्धांजलीच्या निमित्ताने चौकात जमले. २६ एप्रिलच्या 'पीपल्स डेली'तल्या अग्रलेखाने त्यांच्यावर 'दोंगल्वान' माजवल्याचा ठपका ठेवला. या शब्दाचा अर्थ गोंधळ, अनागोंदी. पण सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांनाही चीनमध्ये हाच शब्द वापरला जात होता, त्यामुळे त्याला रक्ताचा वास होता. अग्रलेखामागे देंग श्याओपिंग होते, म्हणून तो मागे घेणं कुणाच्या हातात नव्हतं. आणि तो मागे घ्या ही विद्यार्थ्यांची मुख्य मागणी झाली. १३ मेला उपोषण सुरू झालं, दोन दिवसांनी गोर्बाचेव्ह बीजिंगला येणार होते आणि जगभरचे कॅमेरे आधीच हजर होते. २० मेला लष्करी कायदा. ३ जूनच्या रात्री गोळीबार.

हे सगळं विकिपीडियावरही मिळतं. माहितीपटाचं वेगळेपण मधल्या दिवसांत आहे. रोज एक दार किलकिलं होतं आणि रोज ते बंद होतं. हे तो अक्षरशः तासातासाच्या हिशेबाने दाखवतो. सरचिटणीस झाओ झियांग उत्तर कोरियाहून परतल्यावर ४ मेच्या भाषणात सूर बदलतात, विद्यार्थ्यांच्या मागण्या रास्त आहेत असं सुचवतात. वर्ग पुन्हा भरू लागतात. मग उपोषण. १४ मेला पक्षातले मवाळ नेते यान मिंगफू विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींशी बोलायला बसतात. पण ही चर्चा प्रसारित होत नाही म्हणून चौकातले विद्यार्थी आत घुसतात आणि बैठक मोडते. त्याच संध्याकाळी दाय छिंग ही पत्रकार आणि आणखी अकरा लेखक-विचारवंत चौकात जाऊन विनवण्या करतात. उपयोग होत नाही. १६ मेला यान मिंगफू स्वतः चौकात येऊन म्हणतात, मला ओलीस ठेवा, पण उपोषण सोडा. तरीही नाही.

१८ मेला पंतप्रधान ली पेंग विद्यार्थ्यांना भेटतात, आणि ही भेट दूरदर्शनवर दिसते. वूअर काइशी हा विद्यार्थी नेता इस्पितळाच्या पायजम्यात येऊन बसलेला आहे आणि देशाच्या पंतप्रधानाला मध्येच तोडतोय. जगभर हे दृश्य तरुणांच्या धिटाईचं म्हणून गाजलं. मला मात्र त्यात त्याने सांगितलेला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटला. तो ली पेंगना समजावतो की चौकात अल्पमताने बहुमताचं ऐकायचं अशी पद्धत उरलेली नाही. उपोषण करणाऱ्यांपैकी एक जण जरी उठला नाही, तरी बाकीचे हजारो उठणार नाहीत. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के हे शून्य पूर्णांक एक टक्क्याच्या मागे जातात.

लोकशाहीसाठीच्या आंदोलनाचा नेता हे सांगतोय. आणि तो तक्रार करत नाहीये, वस्तुस्थिती सांगतोय.

इथे मला आमचं हॉस्टेल आठवलं. तुलना विचित्र आहे हे मान्य. आमच्यावर कुणी गोळ्या झाडणार नव्हतं. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही मेसवर बहिष्कार टाकला होता. जेवणात अळ्या निघाल्या हे निमित्त, मूळ राग वेगळाच होता. पाच जणांच्या समितीत मी होतो. चौथ्या दिवशी व्यवस्थापनाने बऱ्यापैकी तडजोड पुढे केली: ठेकेदार बदलू, मेस कमिटीत दोन विद्यार्थी घेऊ. आम्हा पाचांपैकी तिघांना ती पसंत होती. रात्री लॉनवर सभा झाली. समितीतला एक जण उठून ओरडला, "विकले गेलात का?" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही 'चालू ठेवा'साठी हात वर केला. तडजोड चांगली आहे हे मला माहीत होतं. पण त्या लॉनवर, त्या टाळ्यांनंतर, हात खाली ठेवायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. बहिष्कार नवव्या दिवशी आपोआप मोडला, काही न मिळता.

म्हणून २७ मेचा प्रसंग मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. लष्करी कायदा लागू होऊन आठवडा झालाय. बीजिंगच्या सामान्य लोकांनी रस्त्यात आडवं येऊन सैन्याला शहराबाहेर थोपवून धरलंय. आंदोलनाच्या वेगवेगळ्या गटांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठरवतात की ३० मेला मोठा मोर्चा काढायचा आणि चौक सोडायचा. चाई लिंगही आधी होकार देते. पण ती चौकात परतते, सहकारी ली लू विरोध करतो, आणि निर्णय फिरतो. तोपर्यंत बीजिंगचे बरेच विद्यार्थी दमून घरी किंवा वसतिगृहात गेले होते. चौकात आता जास्त संख्या बाहेरगावाहून आलेल्यांची होती. दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून कालच पोचलेल्या मुलाला 'आता परत जाऊया' असं कोण सांगणार? जो दमला तो निघून जातो, म्हणजे त्याचं मतही निघून जातं. उरतो तो ताज्या दमाचा, आणि निर्णय त्याचा. कुणी दुष्ट असायची गरज नाही. अशी रचना आपोआपच टोकाकडे सरकते.

आता त्या वादग्रस्त मुलाखतीकडे. २८ मेला चाई लिंगने फिलिप कनिंगहॅम या अमेरिकन तरुणाला कॅमेऱ्यासमोर मुलाखत दिली. ती थकलेली आहे, रडतेय. विद्यार्थी विचारतात की आता पुढे काय, आणि त्यांना कसं सांगू, की आपण वाट बघतोय ती रक्तपाताची. चौकात रक्त सांडेल तेव्हाच लोकांचे डोळे उघडतील, अशा आशयाचं ती बोलते. तू स्वतः थांबणार का, या प्रश्नावर ती नाही म्हणते. आपलं नाव काळ्या यादीत आहे, आपल्याला जगायचंय.

माहितीपट हे चित्रण वापरतो, आणि सगळा वणवा तिथून पेटतो. वादाचा एक मोठा भाग एका शब्दावर आहे: 'छीदाय'. इंग्रजी भाषांतरात तिथे 'आशा करणे' या अर्थाचा शब्द आला. चाई लिंग आणि तिच्या पाठीराख्यांचं म्हणणं, की तिला फक्त 'होईल असं वाटतंय' एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे भाषांतरकाराला बाजू घ्यावीच लागते. मला वाटलं, मराठीत हा पेच इतका टोकदार झाला नसता, कारण आपल्याकडे 'अपेक्षा' आहे. 'मुलाकडून फार अपेक्षा होत्या' यात इच्छा आहे; 'उद्या अतिवृष्टी अपेक्षित आहे' यात नाही. 'आम्हाला रक्तपात अपेक्षित आहे' हे वाक्य मराठीत जितकं संदिग्ध आहे, तितकं ते तिच्या तोंडीही असू शकतं. अर्थात चिनी शब्दाचा कल उत्सुकतेने वाट बघण्याकडे जास्त आहे, आणि तिच्या पुढच्या वाक्यांनी तो अर्थ बळकटच होतो. माहितीपटवाल्यांची बाजू मला इथे जास्त पटते.

पण एक गोष्ट तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. ३ जूनच्या रात्री चाई लिंग चौकात होती. पहाटेपर्यंत विद्यार्थ्यांबरोबर थांबली. मुलाखतीत 'मी थांबणार नाही' म्हणालेली मुलगी प्रत्यक्षात थांबली, हे विसरून तिला नुसतं भित्री किंवा कावेबाज ठरवणं हा सोपा न्याय झाला. तिने माहितीपटासाठी मुलाखत द्यायला नकार दिला, त्यामुळे तिचं नंतरचं म्हणणं त्यात नाही. ती उणीव तीन तासभर जाणवत राहते. दोष कुणाचा हे ठरवणं अवघड आहे, पण २३व्या वर्षी, झोप आणि अन्नाविना आपण जे बोललो ते आयुष्यभर ऐकायला लागणं ही शिक्षा मला स्वतःला झेपली नसती.

माहितीपट पूर्ण व्हायच्या आधीच त्याच्यावर परदेशातल्या चिनी लोकशाहीवाद्यांपैकी काहींनी टीका सुरू केली. पराभूतांवर, निर्वासितांवर कॅमेरा रोखायची ही वेळ आहे का? मारेकऱ्याला सोडून मेलेल्याच्या चुका का मोजता? दुसरीकडे चिनी सरकारलाही तो तितकाच खुपला. १९९५च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवातून तो काढून टाका असा दबाव आला. महोत्सवाने नकार दिला, तेव्हा ज्यांच्या 'शांघाय ट्रायड'ने उद्घाटन व्हायचं होतं त्या झांग यिमोउंना चीनने येऊ दिलं नाही. पुढे ४ जून १९९६ला अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर 'फ्रंटलाइन' मालिकेत तो दाखवला गेला.

खटला त्यानंतर अकरा वर्षांनी, २००७ साली झाला. लाँग बो ग्रुपच्या संकेतस्थळावर चाई लिंगच्या कंपनीबद्दल छापून आलेला मजकूर होता आणि त्या पानांच्या मेटा टॅगमध्ये 'जेन्झाबार' हा शब्द होता. त्यामुळे कंपनीचं नाव शोधणाऱ्याला ही पानंही वर दिसत. बदनामीचे आरोप आधीच फेटाळले गेले, ट्रेडमार्कचा मुद्दा उरला. २०१०मध्ये न्यायालयाने तोही फेटाळला आणि २०१२मध्ये अपिलातही तेच झालं. माहितीपटाचा ग्राहक आणि विद्यापीठाचं सॉफ्टवेअर घेणारा ग्राहक यांची गल्लत होणं शक्य नाही, असा साधा विचार त्यामागे आहे. ऑफिसातल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. पण एका छोट्या गटाला पाच वर्षं वकिलांच्या मागे धावावं लागलं, तेही मतस्वातंत्र्यासाठी चौकात बसलेल्या मुलीच्या कंपनीमुळे, हे पचायला वेळ लागला.

'मारेकऱ्याला सोडून' हा आरोप मात्र मला खोटा वाटतो. माहितीपट मारेकऱ्याला सोडत नाही. मुशिदी भागातला गोळीबार, चांगआन रस्ता, इस्पितळं, सायकलच्या गाड्यांवरून नेलेले जखमी: सगळं त्यात आहे. फक्त तो अतिशयोक्तीही सोडत नाही. चौकाच्या आत विद्यार्थ्यांची कत्तल झाली अशा कहाण्या त्या दिवसांत पसरल्या होत्या. होउ देज्यान हे तैवानहून आलेले लोकप्रिय गीतकार शेवटपर्यंत चौकात होते आणि त्यांनी सांगितलं की मी चौकात कुणाला मरताना पाहिलं नाही. यावरून त्यांना शिव्या खाव्या लागल्या, कारण सरकारला हे वाक्य सोयीचं होतं. त्यांचा उलट सवाल असा, की खोटं बोलणाऱ्या शत्रूशी लढायला आपणही खोटंच वापरायचं का? माणसं मेली ती चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर. त्यात कामगार होते, रहिवासी होते, बघे होते. 'तिएनआनमेन चौकातलं हत्याकांड' या नावात हीच माणसं गळतात.

कामगारांबद्दल तर विद्यार्थ्यांनीही आढ्यताच दाखवली. हान दोंगफांग हा रेल्वेतला इलेक्ट्रिशियन. त्याने इतरांबरोबर बीजिंगमध्ये कामगारांची स्वायत्त संघटना उभी केली. त्यांच्या तंबूला बराच काळ मुख्य चौकाबाहेर ठेवलं गेलं होतं. आंदोलन 'शुद्ध' राहावं ही विद्यार्थ्यांची काळजी. दडपशाहीत सर्वांत कठोर शिक्षा कामगारांनाच झाल्या, फाशीसकट. हान २२ महिने कोठडीत होता, तिथे क्षयरोग झाला, एक फुप्फुस गेलं. उपचारांनंतर चीनमध्ये परतायचा प्रयत्न केला तर त्याला हाँगकाँगला हाकलून दिलं. माहितीपटात तो जेव्हा बोलतो तेव्हा आवाज कधी चढत नाही. मला तीन तासांतला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटला. त्याच्या नावाने ना पोस्टर आहे ना टीशर्ट.

४ जूनची पहाट. होउ देज्यान आणि झोउ दुओ सैन्याच्या अधिकाऱ्यांशी बोलून आलेत. एक बाजू मोकळी ठेवतो, निघून जा, असं त्यांना सांगितलं गेलंय. ल्यू श्याओबो आणि गाओ शिनही त्यांच्याबरोबर आहेत. हे चौघे २ जूनपासून उपोषणाला बसले होते. त्यांच्यातल्या ल्यू श्याओबोंना २०१०मध्ये तुरुंगात असताना शांततेचं नोबेल मिळालं. स्मारकाच्या पायऱ्यांवर तीन-चार हजार मुलं. मतदान घ्यायचंय, पण हात मोजायला उजेड नाही. म्हणून फंग त्सोंगद सांगतो, ओरडा: थांबायचं की निघायचं? फंग तेव्हा चाई लिंगचा नवरा. दोन्ही आरोळ्या जवळपास सारख्याच वाटतात. तो जाहीर करतो: निघायचं.

इतके दिवस ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं गेलं होतं. 'निघूया' म्हणणाऱ्याचा आवाज नेहमीच दबका असतो, हे त्या लॉनवर बसलेल्या मला विचारा. त्यामुळे दोन आवाज सारखे आले याचा अर्थ निघू म्हणणारे खूप जास्त होते, असा माझा हिशेब. फंगने जे केलं त्याला काटेकोर मोजमाप म्हणता येणार नाही, पण त्याने काही हजार जीव वाचले असतील.

सगळे नाही. आग्नेय कोपऱ्यातून बाहेर पडून विद्यापीठांकडे चालत निघालेल्या रांगेवर ल्यूबूकोउ इथे मागून रणगाडे आले. अकरा जण मेले. एका विद्यार्थ्याचे दोन्ही पाय गेले.

मेलेल्यांचा आकडा सरकारने दोन-तीनशे सांगितला. इतर अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. दिंग झिलिन या बीजिंगच्या पीपल्स युनिव्हर्सिटीत तत्त्वज्ञान शिकवायच्या. त्यांचा मुलगा ज्यांग ज्येल्यान, वय १७. ३ जूनच्या रात्री आई जाऊ देईना म्हणून न्हाणीघराच्या खिडकीतून निसटला आणि मुशिदीजवळ गोळी लागून गेला. पुढे त्या एकेका घरी जाऊन बाकीच्यांची नावं गोळा करू लागल्या. पाळत, नजरकैद, धमक्या यांतून हे काम चालू राहिलं आणि इतर आयाही त्यात आल्या. नाव, वय, कुठे गोळी लागली, घरात कोण उरलं. यादी दोनशेच्या वर गेली. माहितीपटात त्या मुलाबद्दल बोलतात तेव्हा कुणाच्याही घोषणेचा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही.